भात किती लावू?

मराठी घरात रोज सकाळी एक प्रश्न विचारला जातो आणि त्याचं खरं उत्तर आजवर कोणी दिलेलं नाही. प्रश्न साधा आहे : "भात किती लावू?" विचारणाऱ्याच्या हातात तांदळाच्या डब्यातली वाटी असते, कुकरच्या तळाशी पाणी घालून झालेलं असतं, डाळीचा डबा आत जाऊन बसलेला असतो. आता फक्त एक आकडा हवा. घरातून येणारी उत्तरं अशी : "मला थोडाच." "मला आज नकोच." "नेहमीसारखा लाव." आणि "मला काय विचारतोस, तुझ्या अंदाजानं लाव की!" या चार उत्तरांची बेरीज किती वाट्या होते, हे ज्याला सांगता येईल त्याला राज्याचा अर्थसंकल्प मांडायला बसवावं.

आमच्याकडे कुकरचं खातं माझ्याकडे आहे. पोळ्या, भाजी, आमटी ही वजनदार खाती बायकोनं स्वतःकडे ठेवली आहेत. मी बरीच वर्षं बिनखात्याचा मंत्री होतो. तिचं ऑफिस लांब गेलं तेव्हा मंत्रिमंडळाचा विस्तार झाला आणि कुकर माझ्याकडे आला. हे खातं सांभाळून माझं एक ठाम मत झालं आहे. भाताचं माप तांदळामुळे चुकत नाही आणि पाण्यामुळेही फारसं चुकत नाही. ते चुकतं जेवणाऱ्यांच्या जबानीमुळे. एरवी रिक्षावाल्याचा सुटा रुपया परत करणारी माणसं भाताच्या बाबतीत सर्रास खोटं बोलतात, आणि गंमत म्हणजे सगळी कमीच सांगतात.

पोळीबाबत असं होत नाही. "किती पोळ्या?" विचारलं की माणूस "तीन" म्हणतो आणि तीन खातो. फार तर अर्धी वाढवतो. पोळी मोजता येते, त्यामुळे तिच्या बाबतीत माणूस अब्रूला जपून असतो. शितं कोण मोजणार? शितावरून भाताची परीक्षा होते म्हणतात, पण ती शिजला की नाही याची. किती खाल्ला याचा पुरावा मागे राहत नाही.

शिवाय पानात भात एकदा येत नाही, निदान आमच्याकडे तरी दोनदा येतो. सुरुवातीला वरण, तूप, लिंबाबरोबर, आणि शेवटी ताकाबरोबर. सणावाराला मध्ये मसालेभात किंवा साखरभात शिरतो तो निराळाच. "थोडाच" म्हणणारा मनातल्या मनात फक्त पहिल्या मुदीचा हिशेब करत असतो. शेवटी येतो तो त्याच्या लेखी भात नसतोच, ते ताक असतं; भात आपला ताक पानात थांबावं म्हणून. आमच्या एका काकांना डॉक्टरांनी भात बंद सांगितला आहे. काकांनी तो लगेच बंद केला. आता ते जेवायला आले की फक्त ताकभात घेतात. दोनदा.

"आज भात नकोच" म्हणणाऱ्यांचा तर वेगळा वर्ग करायला हवा. ही माणसं सकाळी खरंच निर्धाराची असतात, त्यांच्यावर मी संशय घेत नाही. पण कुकरचं झाकण उघडतं, वरणात हिंगाची फोडणी पडते, आणि निर्धाराचा माणूस पान पुढे सरकवून म्हणतो, "चव बघण्यापुरता दे." चव बघण्यापुरता म्हणजे किती, याचं मी मनाशी ठरवलेलं माप अर्धी वाटी कच्चे तांदूळ आहे. सहसा ते पुरतं.

चिरंजीव जिमला जायला लागल्यापासून या खात्यात नवीन पेच आला. त्यानं ओट्यावर एक वजनकाटा आणून ठेवला आणि मला सांगितलं, "बाबा, मला दीडशे ग्रॅम भात." इतकं नेमकं उत्तर या घरात कोणी दिलं नव्हतं, त्यामुळे मला क्षणभर भरून आलं. मग मी विचारलं, "कच्चा की शिजलेला?" कारण शंभर ग्रॅम तांदळाचा शिजून अडीचशे ते तीनशे ग्रॅम भात होतो. दीडशे ग्रॅम कच्चे घेतले तर चारशेच्या आसपास भात होणार, आणि दीडशे शिजलेला हवा असेल तर तांदूळ मूठ-दीड मूठ पुरे. त्यानं फोन काढला. फोनमध्ये दोन्ही नोंदी होत्या आणि दोन्हींत तो महिनाभर आलटून पालटून बोट लावत आला होता. आता काटा ओट्यावरच आहे. त्यावर लिंबं ठेवलेली असतात.

आईचं माप मुठीत. माणशी एक मूठ, वर एक येणाऱ्या-जाणाऱ्याची, एक अन्नपूर्णेची, आणि डबा बंद करता करता आणखी एक. या शेवटच्या मुठीला कारण नाही; तिच्याबरोबर आई फक्त "असू दे" एवढंच म्हणते. तिच्या मुठीचा आकडा घेऊन मी माझी मूठ वापरली तर कुकरचं झाकण लागणार नाही. म्हणून मी वाटीवर भिस्त ठेवली.

तांदळाच्या डब्यातली वाटी ही घरातली फार दुर्लक्षित वस्तू आहे. आमची स्टीलची आहे, एका बाजूला पोचा आलेला. तिच्यावर ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरात "वास्तुशांतीनिमित्त सप्रेम भेट" असं कोरलेलं आहे आणि त्यापुढचं नाव झिजून गेलं आहे. म्हणजे एक अख्खं कुटुंब वर्षानुवर्षं एका अज्ञात दात्याच्या मापानं जेवत आलं आहे. ही वाटी कोणी जागची हलवत नाही. मध्यंतरी तिच्यातून शेजारच्या काकूंकडे घाईघाईत साखर गेली आणि त्यांच्याकडून परत आली ती दुसरीच वाटी; तितकीच चकचकीत, तितकीच सप्रेम, पण दोन घोट मोठी. आठवडाभर भात उरत होता आणि कोणालाही कारण कळत नव्हतं. शेवटी वाट्यांची अदलाबदल जिन्यात, कैद्यांच्या अदलाबदलीच्या गांभीर्यानं पार पडली.

१९७० साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं आणि वाटी-चमच्याचं माप मराठी घराघरात शिरलं. फार मोठं काम झालं. पण पुस्तकातली वाटी आणि आपल्या डब्यातली वाटी यांची पत्रिका जुळवण्याचं काम ज्याचं त्यालाच करावं लागतं. मुळात घोटाळा आणखी जुना आहे. पूर्वी बाजारात धान्य मापानंच मिळायचं : चिपटं, मापटं, शेर, आणि चार शेरांची पायली. वाणी मापानं देणार, घरी मापानंच शिजणार. १९५८ साली दशमान वजनं लागू व्हायला लागली आणि हळूहळू दुकान किलोवर गेलं. स्वयंपाकघर मात्र वाटीवर राहिलं. तेव्हापासून तांदूळ वजनानं घरात येतो आणि मापानं कुकरात जातो. एका किलोत किती वाट्या, हे विचारा घरात. सात म्हणणारे, पाच म्हणणारे आणि "वाटीवर आहे" म्हणणारे असे तीन पक्ष पडतील, आणि तिसरा बरोबर असेल.

माणशी किती, याचं ठाम उत्तर मला फक्त सरकारदरबारी सापडलं. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला शंभर ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीच्या मुलाला दीडशे. थोडा नाही, जरासा नाही, चव बघण्यापुरता नाही. पाचवीची परीक्षा पास झालं की जूनपासून भूक पन्नास ग्रॅमनं वाढते, विषय संपला. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य गटातल्या माणसाला महिन्याला पाच किलो धान्य ठरलं आहे. या आकड्यांवर वाद घालायला जागा आहे, पण आकडा आहे. माझ्या घरात तेवढाही नाही.

जपान्यांनी त्याच्याही पुढे जाऊन माणूसच तांदळात मोजला. एका माणसाला वर्षभर पुरेल असा धरलेला तांदूळ म्हणजे एक कोकू, आणि सरदाराची जहागीर किती कोकूंची यावर त्याची पत ठरायची. कोकूचा हजारावा हिस्सा म्हणजे 'गो', सुमारे १८० मिलिलिटर. पुढे १९५५ साली तोशिबा कंपनीनं विजेचा, आपोआप बंद होणारा भाताचा कुकर बाजारात आणला. त्याचं तत्त्व मला फार आवडतं : पाणी आहे तोवर तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही, पाणी संपलं की ते चढतं आणि खटका पडतो. कोणाला काही विचारायची गरज नाही. असल्या कुकरबरोबर जो छोटा प्लास्टिकचा पेला मिळतो, तो बहुधा याच एका 'गो'चा असतो. न्यू जर्सीतली मराठी घरं आपला आंबेमोहर या जपानी पेल्यानं घेतात. पुस्तकातला अमेरिकन कप २४० मिलिलिटरचा, पेला १८०चा, आणि आई फोनवरून वाटीत सांगतेय. तिथला भात एखाद्या दिवशी बिघडला तर तीन देशांनी मिळून बिघडवलेला असतो.

आता पाणी. "एकाला दोन" हा मंत्र सगळ्यांना पाठ असतो आणि चार माणसांपुरता तो चालतोही. पाहुणे आले, तांदूळ तिप्पट घेतला, पाणीही इमानेइतबारे तिप्पट घातलं, की पातेल्यातून जे बाहेर येतं त्यानं पतंग चिकटवावेत. याला शास्त्रीय कारण आहे. तांदूळ स्वतः साधारण आपल्या मापाएवढं किंवा थोडं जास्त पाणी पितो. बाकीचं वाफेचं. आणि किती वाफ उडणार हे पातेल्याच्या तोंडावर आणि आचेवर ठरतं, आत तांदूळ एक वाटी आहे की सहा, याच्याशी तिला विशेष देणंघेणं नाही. म्हणजे तांदूळ वाढेल तसा तांदळाचा वाटा वाढवायचा, वाफेचा वाटा होता तेवढाच ठेवायचा. जुन्या बायका तांदळावर तर्जनी टेकवून एक पेर पाणी ठेवतात, ते याच हिशेबानं. तांदूळ कितीही असो, वर पेरभर. पातेलं फार रुंद निघालं तर मात्र पेर फसतं.

कोकणात आणि गोव्यात हा प्रश्न मुळातच निकालात काढला आहे. उकडा तांदूळ भरपूर पाण्यात रटरटू द्यायचा आणि पाण्यासकट वाडग्यात ओतायचा, वर मीठ, बाजूला खारातली कैरी किंवा सुकं. जास्त झालेलं पाणी ही जिथे चूक नसून पेज आहे, तिथे मोजमापाच्या चिंतेत कोण मरतं?

आमच्यासारख्या घाटावरच्या फ्लॅटवासीयांना कुकरच्या शिट्ट्यांवर जगावं लागतं. १६७९ साली डेनिस पापँ नावाच्या एका फ्रेंच गृहस्थानं लंडनमध्ये वाफेच्या दाबाचं भांडं करून दाखवलं, ते हाडं मऊ करण्यासाठी. आपण त्यात तांदूळ घालतो, जो तसाही शिजणारच होता. आत दाब चढला की पाणी १२० अंशांच्या आसपास जातं, त्यामुळे काम लवकर होतं हे खरं. पण शिट्टी म्हणजे काही घड्याळ नव्हे. आच मोठी तर पाच मिनिटांत तीन होतील, बारीक ठेवली तर एकीची वाट बघत पेपर वाचून होईल. त्यात आमच्या इमारतीत चार घरांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात.

"झाल्या का गं तीन?"

"झाल्या. पण त्यातली एक खालच्यांची होती."

"खालचे आज गावाला गेलेत."

"मग वरच्यांची."

अशा वादात चौथी होते, आणि ती कोणाची याचाही निकाल लागत नाही.

तांदळाच्या स्वभावाबद्दल बोलायचं तर घरटी मतं आहेत. दिवाळीच्या सुमाराला आलेला नवा तांदूळ पाणी कमी घेतो आणि चटकन गिचका होतो. वर्षभर मुरलेला जुना जास्त पाणी पितो, फुलतो, मोकळा राहतो. म्हणून त्याच वाटीत मावलेला जुना तांदूळ शिजल्यावर जास्त भरतो. वाण्याच्या भाषेत, "वाढीला आहे." प्रत्येक वाण्याकडचा प्रत्येक तांदूळ जुना असतो आणि वाढीला असतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. इंद्रायणी हा वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहर आणि आयआर-८ यांच्या संकरातून निघालेला वाण. वासाला आईवर गेलेला आणि अंगानं चिकट. गरम असताना त्याच्यासारखा भात नाही, पण त्याचं "थोडाच वाढ" जमत नाही, डावाला लागून सगळा डोंगर येतो. त्याउलट एचएमटी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात, फारसं शिक्षण नसताना, वेगळी दिसलेली रोपं निवडून निवडून हा वाण काढला, आणि त्या काळी ज्या मनगटी घड्याळाची चलती होती त्याचं नाव त्याला पडलं. घड्याळाचं नाव लावणारा तांदूळ निदान वेळेत आणि मापात शिजेल अशी माझी भाबडी अपेक्षा होती. शिजतो छान. मापाचं म्हणाल तर तो तरी काय करणार?

मोजमापाच्या बाबतीत मी एकाच माणसाला गुरू मानतो, तो म्हणजे लग्नाचा आचारी. ओळखीतल्या एका कार्यात मी त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो होतो. समोर कढईएवढं पातेलं, आधण खदखदतंय, मदतनीस रोवळीतून निथळलेला तांदूळ वैरतोय. मी विचारलं, हे ठरवता कसं? ते म्हणाले, "साधा भात किलोला दहा पानं. मसालेभात असला तर साधा कमी करायचा. मुलाकडचे कोकणातले असले तर परत वाढवायचा. आणि जिलबी चांगली झालीय असं कळलं की पाव कमी." मी म्हटलं, पण यजमान सांगतात ना, आमची माणसं भात फारसा खात नाहीत म्हणून? त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "साहेब, डोकी मोजायची. तोंडं ऐकायची नाहीत." पंगतीला शेवटी वाढपी दहीभात घेऊन फिरला, तेव्हा "आता अगदी जागा नाही" असं म्हणत पहिल्या रांगेतल्या सगळ्यांनी हात आडवे धरले. बोटांमध्ये फटी ठेवून.

घरी मात्र डोकी मोजून भागत नाही, कारण घरी पातेलं जेवणाऱ्यांच्या नजरेसमोर असतं. आणि आपल्याकडे रिकामं पातेलं दिसणं ही गृहिणीची, आता माझी, नामुष्की. शेवटचा भात वाढताना डाव बुडाला घासल्याचा एक खर्रर्र असा आवाज येतो. हा आवाज मराठी माणसाला झोपेतही कळतो. तो आला की आतापर्यंत हावरटासारखी जेवणारी मंडळी एकदम साधू होतात. "नको, नको, मला बास." "अगं, तुला ठेवलायस का?" "मी उगाच घेतला, तू घे." पातेलं सगळ्यांसमोरून फिरून येतं आणि त्यात चार घास तसेच राहतात. म्हणून एक विचित्र नियम मी पाहिला आहे : भरपूर भात केला की तो संपतो, आणि कमी पडला की उरतो. तो आवाज येऊ नये म्हणून बायकोनं मला लाकडी डाव आणून दिला आहे. खात्याच्या कारभारात झालेली ही एकमेव सुधारणा.

उरलेल्या भाताचं पुढे काय होतं, हे वेगळं सांगायला नको. एवढं मात्र सांगतो की तो रात्रभर ओट्यावर झाकून ठेवू नका. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजला तरी मरत नाहीत आणि कोमट भातात त्यांचं फावतं. तास-दोन तासांत फ्रिजमध्ये गेला की बरा. फ्रिजमध्ये त्यातला स्टार्च घट्ट होतो, शितं एकमेकांना सोडतात, आणि सकाळी तेलात मोहरी, कढीलिंब, मिरची, शेंगदाणे, कांदा पडला की त्याच शितांना प्रतिष्ठा येते. आदल्या दिवशी "मला नकोच" म्हणालेला माणूस फोडणीच्या भातासाठी सगळ्यांत आधी ताटली घेऊन उभा असतो. आणि हा भात कधीच पुरत नाही. एकाला खरपुडी हवी असते, दुसऱ्याला वर शेव हवी असते, आणि दोघांनाही जास्त हवा असतो.

मध्यंतरी एका रविवारी सगळं जुळून आलं. मी कोणालाही काही विचारलं नाही, आचाऱ्यांचं स्मरण केलं, डोकी मोजली, काकांचा ताकभात धरला, चव बघणाऱ्यांची अर्धी वाटी धरली, आईची "असू दे" धरली. जेवणं झाली, पातेलं लख्ख. कोणी उपाशी नाही, एक शीत शिल्लक नाही. मी ते पातेलं थोडा वेळ मुद्दाम ओट्यावर तसंच ठेवलं, घरातल्यांना दिसावं म्हणून.

सोमवारी सकाळी चिरंजीवानं फ्रिज उघडला, खालीवर पाहिलं आणि बंद केला. "भात नाही?"

"नाही," मी अभिमानानं म्हणालो. "बरोब्बर झाला काल."

"शी! मग नाश्त्याला काय?"

आईनं पोथीतून मान वर केली. "एवढा कसा रे कमी लावलास?"

बायको चपला घालत होती. दार लावता लावता हळूच म्हणाली, "अहो, आज दोन वाट्या जास्त लावा. कोणी विचारलं तर म्हणा, अंदाज चुकला."